तात्यांचं बोट आणि अठरा दिवस

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. दुकान बंद होतं. मी सुंगटांचं सुकं परतत होते आणि ओट्यावरचा फोन सारखा थरथरत होता. गणपती गेले की मुंबईत परत पोचलेले चाकरमानी आठवडाभर आरत्यांचे व्हिडिओ टाकत बसतात. तसंच काही असेल म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही. अर्ध्या तासाने जाऊबाईंचा फोन आला. "गो, ग्रुप बघितलंस? तात्यांचो फोटो इलो आसा."

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. वय ७६. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात रापणीचे जे चार-पाच जुने जाणते उरलेत, त्यांच्यातले एक. फोटोत ते एका भल्या मोठ्या बोटीवर उभे होते. मागे एलईडी दिव्यांची रांग, पायाशी बांगड्याचा ढीग, आणि तात्या अंगठा वर करून हसतायत. फोटोसोबत कोणीतरी लिहिलं होतं, "आता कळलं मासे जातात कुठे."

किनाऱ्यावर न राहणाऱ्याला यात काय एवढं, असं वाटेल. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांनी ओढायचे आणि जे मिळेल त्याचे वाटे करायचे. पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या बोटीने जाळ्याचा वेढा टाकून अख्खा थवा उचलण्यावर, राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडीच्या, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे ओढून घेण्याच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतातच. त्यांच्याविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात तात्या पुढे. त्या माणसाला कोणीतरी नेऊन एलईडीच्या बोटीवर उभं केलं होतं.

मी फोटो बघितला आणि पोटात गोळा आला, कारण तो चेहरा मी ओळखला. म्हणजे तो फोटो ओळखला. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर मीच काढलेला. तीच टोपी, तीच गळ्यातली शाल, डाव्या गालावर तेच संध्याकाळचं ऊन. मूळ फोटोत हातात नारळ होता. मीच तो ग्रुपवर टाकला होता, चांगला मोठ्या आकारात, "तात्या शोभून दिसतायत" असं लिहून.

माझं झेरॉक्स, डीटीपी आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. माणसांचे फोटो दुरुस्त करण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे दुपारी तात्यांच्या पडवीत बसून मी फोटो मोठा करून एकेक कोपरा बघायला लागले. सावल्या बरोबर. दिव्यांचा उजेड शालीवर बरोबर. पूर्वी कापून चिकटवलेल्या फोटोला केसांच्या कडेला पांढरी किनार राहायची, ती नाही. मला काही सापडेना. तात्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "ही बोट माझी न्हय, आणि ह्या बोटय माझा न्हय."

त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी दोरात अडकून गेलं. मूळ फोटोत तो हात नारळाखाली झाकला गेला होता. यंत्राने नारळ काढला आणि खाली एक अख्खा, पाच धडधाकट बोटांचा हात बसवून दिला.

मला वाटलं, झालं काम. बोटाचा फोटो टाकला, खुलासा लिहिला. मी ग्रुपच्या चार ॲडमिनपैकी एक, त्यामुळे तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीटही केला. पण तोवर तो आणखी किती ग्रुपमध्ये गेला होता देव जाणे. दोन बाणांची खूण मी त्यावर पाहिली होती, म्हणजे आमच्याकडे आला तोच बऱ्याच हातांतून फिरून आला होता. संध्याकाळी तो एका मोठ्या समाजमाध्यमावर तालुक्याच्या एका पानावर दिसला, आणि तिथे काही माझा हुकूम चालत नव्हता.

मंगळवारी पहाटे रापण लागली. तात्यांना कोणी हाक मारली नाही. ते आपले खळ्यात बसून राहिले, चहा निवत ठेवून. वादावादी झाली असती तर मला एवढं लागलं नसतं.

आता प्रक्रिया सांगते, कारण मला ती कोणीच एका जागी सांगितली नव्हती.

सोमवारीच, १५ तारखेला, मी त्या पोस्टवरचं तक्रारीचं बटण दाबलं होतं. पर्याय निवडला "खोटी माहिती". बुधवारी उत्तर आलं की नियमांचा भंग आढळला नाही. आता कळतंय की पर्याय चुकला होता. खरं-खोटं ठरवायच्या भानगडीत त्यांना पडायचं नसतं. मी "एखाद्या व्यक्तीचा बनावट फोटो" हा निवडायला हवा होता.

गुरुवारी, १८ तारखेला, पोलीस ठाण्यात गेलो. एसटीत तात्यांचं तिकीट शून्य, पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे, माझं अर्धं. ठाण्यात दोन तास बसलो, पण ऐकून घेतलं. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली, प्रत दिली, आणि केंद्राच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार टाका म्हणाले. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, या कामाला तो नाही, हेही तिथेच कळलं. आदल्या दिवशी मी त्यावर उगीच वीस मिनिटं घालवली होती.

तिथल्या एका हवालदारांनी एक गोष्ट सांगितली ती फार उपयोगी पडली: नुसता स्क्रीनशॉट काढू नका, पोस्टची लिंक, तारीख आणि वेळ कागदावर लिहा, आणि ज्या फोनवर फोटो आला तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते देण्याची वेळ आमच्यावर आली नाही, पण येऊ शकली असती. माझ्या बाजूने जपायचं होतं ते कॅमेऱ्यातलं मूळ. व्हॉट्सॲपवर गेलेल्या फोटोतली कधी काढला, कशाने काढला ही माहिती निघून जाते. कॅमेऱ्यातल्या फाइलमध्ये ती होती. दोन पेनड्राइव्हवर ठेवली, एक दुकानात, एक तांदळाच्या डब्यात.

शुक्रवारी खरं पत्र लिहिलं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यमाला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो. त्याचं नाव-पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो, फक्त पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत. पण फोटो एखाद्या माणसाचा कृत्रिमरीत्या बदललेला असेल तर नियम ३(२)(ख) लागतो, आणि त्यात २४ तासांत कारवाई करायची असते. ही तक्रार त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने करायची. मी तात्यांच्या सहीचं साधं संमतिपत्र जोडलं. तात्या सही करतात ती वळणदार मोडीसारखी, तिला पाच मिनिटं लागतात. सही करून म्हणाले, "ह्येच्यात बोटाचा लिवलंस मां?" लिहिलं होतं. डाव्या हाताचा ताजा फोटो आणि मूळ फोटो शेजारी शेजारी ठेवून एका पानाची पीडीएफ केली.

शनिवारी पोच आली. मग काहीच नाही. २४ तास गेले, ४८ गेले. २६ तारखेला उत्तर आलं की हा मजकूर विनोदी स्वरूपाचा असल्याने ठेवण्यात येत आहे. मी ते तात्यांना वाचून दाखवलं नाही. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला सोड आता, लोक विसरतील. लोक विसरतात हे खरंय, पण कोणाच्या सोयीने विसरायचं?

नकारावर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. जानेवारी २०२३ मध्ये स्थापन झालेली ही समिती पूर्ण ऑनलाइन चालते. मला अपिलाला एक पैसा पडला नाही. पडली ती एक रात्र, कारण स्कॅन केलेल्या प्रती पुन्हा पुन्हा लहान करून चढवाव्या लागल्या. २९ सप्टेंबरला अपील गेलं.

आणि त्याच रात्री डोक्यात उजेड पडला, तोही बॅनरच्या गिऱ्हाइकामुळे. संध्याकाळी एक जण दुसऱ्या दुकानातलं डिझाइन घेऊन "हेच छापून दे" म्हणत होता आणि मी त्याला स्वामित्वहक्क समजावत होते. अरे, तात्यांचा फोटो मी काढलाय! कॉपीराइट कायदा १९५७ चा. छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. माझी परवानगी न घेता त्याच्यापासून दुसरा फोटो बनवला होता. त्या माध्यमाच्या कॉपीराइटच्या फॉर्ममध्ये मूळ फाइल आणि लिंक दिली.

२ ऑक्टोबर, दसरा. सोनं वाटून घरी आले तर मेल: पोस्ट काढण्यात आली आहे. माणसाची अब्रू अकरा दिवसांत हलली नाही ती फोटोच्या मालकीने तीन दिवसांत हलली. याचा आनंद मानावा की राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हा रस्ता वापरणार असाल तर दोन गोष्टी. फोटो खरोखर तुम्ही काढलेला असेल तरच वापरा, कारण माहिती खरी असल्याचं लिहून द्यावं लागतं. आणि तुमचं नाव व ईमेल समोरच्याला दिसू शकतं, म्हणून घरचा नव्हे, दुकानाचा ईमेल द्या. अपील समितीचा निकाल यायच्या आधीच पोस्ट गेली, त्यामुळे ते प्रकरण तिथेच मिटलं.

एकूण अठरा दिवस. खर्च प्रिंट, स्कॅन, एसटी, ठाण्याजवळचा चहा-भजी धरून चारशे वीस रुपये, आणि दुकान तीन अर्धे दिवस बंद.

फोटो कोणी बनवला ते दसऱ्यानंतर आपोआप कळलं. गावातलाच मुलगा, मुंबईत शिकतो. त्यानेच फोन केला. त्या आठवड्यात जिकडे तिकडे गुगलच्या जेमिनी या एआयवर जुन्या सिनेमातल्यासारखे साडीतले फोटो बनवायची लाट होती, माझ्या दोघी नणंदांनीही बनवले होते. याने मित्रांच्या ग्रुपसाठी तात्यांचा बनवला. "काकी, मी खाली लिवलेलंय ना, एआय म्हणान. हसण्यासारी केलंलंय." आणि त्याने तो पहिला मेसेज पाठवला. खरंच लिहिलेलं होतं. पुढे ढकलणाऱ्या कोणीतरी खालची ओळ काढून आपली ओळ टाकली होती. फोटोच्या कोपऱ्यातली जेमिनीची ताऱ्याची खूणही कापली गेली होती.

मी त्याला चार शब्द सुनावले, पण रात्रभर ती ओळ डोक्यात राहिली. त्याने लेबल लावलं होतं. फक्त ते फोटोवर नव्हतं, फोटोच्या खाली होतं.

आमच्या ग्रुपचा नियम तिथून सुरू झाला. २२ ऑक्टोबरला, पाडव्याच्या दिवशी, केंद्राचा मसुदा आल्याची बातमी वाचली: कृत्रिमरीत्या बनवलेल्या चित्रावर निदान दहा टक्के जागा व्यापेल एवढं लेबल असावं. मी तो आकडा उचलला आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दिवे लावायला सगळे जमले तेव्हा सभामंडपात विषय काढला.

चूक केली ती शब्दाची. मी म्हटलं, "खोट्या फोटोवर खोटा असं लिहायचं." पहिला आवाज मागून आला. एका मुलाने त्याच्या लग्नाच्या फोटोत वारलेल्या वडलांना उभं केलं होतं, माझ्याच दुकानात, मीच करून दिलं होतं. "काकी, माझो बापूस खोटो?" सभामंडप गप्प. मला त्या क्षणी दगडी खांबामागे जावंसं वाटलं. दुसरा प्रश्न आमच्या दशावतारातल्या एका कलावंताचा, जो स्त्रीपार्टी करतो: द्रौपदीच्या वेषातला त्याचा फोटो टाकला तर लेबल लावायचं का? यावर सगळे हसले आणि मी वाचले. (नाही लावायचं. रंग तोंडावर लागलेला आहे, फोटोवर नाही.) तिसऱ्याने विचारलं, भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरवर मागे वाघ उभा असतो त्याचं काय. वाघ खरा आहे असं कोणालाच वाटत नाही, म्हणून तो सोडला. पण भाऊंच्या शेजारी ज्या मोठ्या पुढाऱ्याला उभं करतात, तो सोडला नाही. त्यावर कुरबुर झाली. अजून आहे.

शेवटी "खोटा" हा शब्द गेला. उजेड वाढवला, डाग काढला, जुना फोटो उजळला, तर तो सुधारलेला. त्याला काही नको. फोटोत माणूस किंवा वस्तू घातली, काढली, जागा बदलली, तर "जोडलेला". सगळाच यंत्राकडून करून घेतला तर "बनवलेला". आणि पुढे कोणाला विचारलं त्याचं नाव. "जोडलेला, तात्यांना विचारून." विचारलं नसेल तर टाकायचाच नाही. त्या मुलाने वडलांच्या फोटोवर "जोडलेला, आईला विचारून" एवढं लिहिलं. घरातल्या भिंतीवर तो लेबलाशिवाय आहे आणि तिथे तो तसाच असावा.

सुधारलेल्याला काही नको, हे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळली. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मुलीचा बायोडेटाचा फोटो मी आईच्या आग्रहाने दोन छटा गोरा केला होता. बघायला आलेल्यांनी दारातच विचारलं, "फोटोतली मुलगी खंय?" ती मुलगी नंतर कधी माझ्या दुकानात आली नाही. तेव्हापासून मी रंगाला हात लावत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी.

लेबल लावायचं कसं, यात नोव्हेंबर गेला. पहिली पट्टी फोटोच्या तळाला लावली. दोन दिवसांत कोणीतरी डीपीला ठेवताना फोटो चौकोनी कापला आणि पट्टी गेली. वाईट हेतूने नाही, आपोआप. मग पट्टी वर घेतली, तर ती आभाळात हरवली. आता ती चेहऱ्याच्या खाली, छातीवरून जाते. तिथून कापायची तर माणूसच कापावा लागतो. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं, उंची फोटोच्या एक दशांश. शब्दाचंही तसंच. सुरुवातीला "कृत्रिम" लिहिलं होतं. संगणकावर छान दिसायचं, पण फोनवर फोटो अंगठ्याएवढा झाला की कृ आणि त्रि मिळून शाईचा डाग व्हायचा. "जोडलेला" आणि "बनवलेला" यात एकही जोडाक्षर नाही. काकू लोकांना चष्म्याशिवाय वाचता येतं. ही पट्टी ज्याला लागेल त्याला मी फुकट लावून देते, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा एवढीच अट.

ॲडमिन म्हणून मला एक धास्ती होती की कोणी काही टाकलं तर मी अडकेन. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही. ते वाचून झोप लागली. पण म्हणून हात झटकावेत असंही वाटलं नाही.

२० फेब्रुवारी २०२६ पासून केंद्राचे सुधारित नियम लागू झाले. लेबल आता कंपन्यांना सक्तीचं आहे, दहा टक्क्यांची अट गाळली, साध्या रंगदुरुस्तीला सूट आहे. तक्रारीचे १५ दिवस ७ वर आले आणि बदललेल्या फोटोसाठीचे २४ तास २ वर. आम्ही मात्र आमचा एक दशांश ठेवला आहे.

एक गोष्ट सुटलेली नाही. जानेवारीत तालुक्यातल्या एका बाईंचा फोटो आला, त्यावर पट्टी नव्हती. खाली लगेच कोणीतरी लिहिलं, "लेबल नाय, म्हणजे खरोच." तो जोडलेला होता. आमच्याच नियमाने त्याला खरेपणाचा शिक्का दिला. दोन तासांत काढला, तरी ते वाक्य मला खात राहिलं. गुगलच्या साधनाने बनवलेल्या चित्रात एक अदृश्य खूण असते आणि नोव्हेंबरपासून जेमिनी ॲपमध्ये फोटो टाकून ती आहे का विचारता येतं. आम्ही ते करतो. खूण सापडली तर कळतं. नाही सापडली तर काहीच कळत नाही, कारण साधन दुसरं असू शकतं.

तात्यांना रापणीची हाक दिवाळीच्या आधीच आली. कोणी माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. पहाटे दारात आवाज आला, "तात्यानू, येतास मां?" आणि ते गेले.

गेल्या महिन्यात कसल्याशा अर्जासाठी पासपोर्ट फोटो हवे म्हणून ते दुकानात आले. स्टुलावर बसले, टोपी काढली, आणि डावा हात छातीशी धरला, तर्जनी पुढे.

"तात्या, ह्या फोटोत हात येत नाही."

"येवंक होयो," म्हणाले.

अर्जासाठी हाताशिवायच्या सहा प्रती काढल्या. सातवी हातासकट काढली, ती पाकिटात वेगळी घालून दिली.